हातचा जिताडा

"त्यांना टोपी काढायला सांग," हेलिकॉप्टर चालवणारी ट्रिश म्हणाली. "ह्याला दारं नाहीत. टोपी उडून मागच्या पंख्यात गेली तर तिच्यापाठोपाठ आपणही जाऊ."

मी मागच्या सीटवरून पुढे वाकलो. "टोपी काढायला सांगतेय ती. वाऱ्याने उडेल."

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे हसुराम म्हात्र्यांनी, मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी समोरच्या काचेला विचारलं, "काढली तं ठेवाची कुठं?"

"खिशात ठेवा."

काचेकडून उत्तर आल्यासारखी त्यांनी मान डोलावली, पांढरी टोपी घडी करून खिशात घातली आणि वर हात दाबून धरला. ट्रिशने हसून अंगठा दाखवला. पाय जमिनीवरून सुटले तसं डार्विन शहर खाली लहान होत गेलं.

लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आठ वर्षांत हा गृहस्थ माझ्याशी थेट एक वाक्य बोलला नव्हता. भांडणही नाही हो! भांडण झालं असतं तर निदान काही बोलणं झालं असतं. काही सांगायचं असलं की ते दर्शनाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायचे, "त्यांना सांग." मी समोर बसलेलो असलो तरी "त्यांना सांग, चा थंड झाला." दर्शना घरात नसली की भिंतीशी नाहीतर पंख्याशी बोलायचे. आज दर्शना सोबत नव्हती. तिला सातवा महिना लागलेला, डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलेलं. त्यामुळे दिवसभर सासऱ्यांना एकतर माझ्याशी बोलावं लागणार होतं, नाहीतर हेलिकॉप्टरशी.

पण खरं दुखणं बोलण्याचं नव्हतं, जेवणाचं होतं. ते माझ्यासोबत कधी जेवायला बसत नसत.

दर्शनाचं माहेर पेणच्या खारेपाटातलं, खाडीकाठचं. घराला लागून तलाव, तलावात जिताडे मासे. खाडीतून आणलेली बोटभर पिल्लं तलावात सोडायची आणि वर्षानुवर्षं वाढवायची. म्हात्र्यांच्या गावात मुलीच्या नावाने मासा राखायची पद्धत होती. मुलीचं लग्न होऊन जावई पहिल्यांदा जेवायला आला की तो मासा बाहेर काढायचा. जावयाने पहिला घास खाऊन "पोचला" म्हणायचं, मग पंगत सुरू. दर्शनाच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने तोंडात घास असतानाच "पोचला" म्हटलं होतं आणि त्याला ठसका लागला होता, ही गोष्ट मी दर्शनाकडून इतक्यांदा ऐकली होती की मीच त्या पंगतीत होतो असं मला वाटायचं.

माझ्या वेळी कोंबडी होती. आम्ही पुण्यात रजिस्टर लग्न केलं, कुणाला न विचारता. त्यात मी कऱ्हाडकडचा, म्हणजे त्यांच्या भाषेत घाटी. दिवाळीला पहिल्यांदा गेलो. तलाव काठोकाठ भरलेला मी स्वतः पाहिला. "माझा मासा आहे त्यात," दर्शना हळूच म्हणाली. आणि ताटात आली कोंबडी. मी जेवत होतो आणि सासरे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. मी उठलो, हात धुतला, मग ते मागच्या पडवीत जाऊन जेवले. पुढच्या सगळ्या खेपांना असंच. सासूबाई असत्या तर त्यांनी काही मार्ग काढला असता, पण त्या दर्शना शाळेत असतानाच गेल्या होत्या.

आता ते पहिल्यांदा आमच्याकडे डार्विनला आले होते, लेकीच्या बाळंतपणाआधी महिनाभर राहायला. इथेही तेच. मी टेबलावर बसलो की ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे. माझं झालं की आपलं ताट घेऊन बाल्कनीत. दर्शना एकदा संतापून ओरडली, तर म्हणाले, "माना असाच बरा वाटते," म्हणजे मला असंच बरं. त्या रात्री ती मला म्हणाली, "बाळ यायच्या आत एकदा तरी तुम्हा दोघांना एका टेबलावर जेवताना बघायचंय मला. दुसरं काही मागत नाही."

मला काय, मी तर आठ वर्षं बसलेलोच होतो.

मग एका रविवारी आम्ही त्यांना मासळीबाजारात नेलं. तिथे बर्फावर बारामंडी नावाची मासळी ठेवली होती. सासरे थबकले. चष्मा वर करून त्यांनी तिचं शेपूट पाहिलं, जबडा पाहिला. "दर्शना, ह्यो तं आपला जितारा!" त्यांच्या बोलीत ड-ढचा र होतो; जितारा म्हणजे जिताडा. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला विचारलं, "ह्यो हितं धरता येतो का? सोताच्या हातानं?"

दर्शना काम करते त्या हॉस्पिटलातल्या एका नर्सची मावशी म्हणजे ट्रिश. पन्नाशीची बाई, स्वतःच हेलिकॉप्टर चालवायची आणि लोकांना दूरच्या दलदलीत मासे धरायला न्यायची. "पाण्याजवळ गेले की बाबा बोलतात," दर्शना म्हणाली. "तू फक्त सोबत राहा." म्हणून मी सोबत होतो.

खाली रस्ते संपले, घरं संपली. पावसाळा नुकताच ओसरला होता आणि सगळा प्रदेश पाण्याखाली हिरवागार पसरला होता. मध्येच कमळांची तळी, मध्येच पांढऱ्या खोडांची झाडं गुडघाभर पाण्यात उभी. हेलिकॉप्टरच्या आवाजाने बदकांसारखे मोठे काळे-पांढरे पक्षी थव्याने उठले आणि पुन्हा थोड्या अंतरावर बसले. पुढे समुद्राच्या बाजूला चिखलातून वळणं घेत जाणारी खाडी दिसली.

कानातल्या हेडफोनमध्ये सासऱ्यांचा आवाज आला, अगदी माझ्या डोक्यात बोलल्यासारखा. "खाजान हाय. समदा आपलाच खाजान हाय."

कोणाला म्हणाले कोण जाणे. मी म्हटलं, "हो, तुमच्याकडच्या खाजणासारखीच दलदल आहे."

ट्रिशने एका कोरड्या उंचवट्यावर हेलिकॉप्टर उतरवलं. समोर दलदलीतलं गढूळ पाणी एका ओहोळातून खाडीत उतरत होतं. तिने आधी हातातल्या काठीने चिखलात एक रेघ ओढली. "ह्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. मगरी." मग पेटीतून मापाची चटई काढली. "दुसरा नियम. माझ्या एका फेरीत एकच मासा घरी न्यायचा, तोही चटईवरच्या ह्या खुणेपेक्षा मोठा. बाकीचे पाण्यात परत. एक घेतला की मासेमारी संपली."

मी सगळं मराठीत सांगितलं. सासरे लक्ष देऊन ऐकत होते. "एकच?" त्यांनी चटईला विचारलं.

"एकच."

"बरा," ते म्हणाले, आणि त्यांनी पँट घोट्याच्या वर दुमडली.

गळाचा रॉड त्यांनी जन्मात धरला नव्हता. ते पाग टाकणारे, म्हणजे गोल जाळं खांद्यावरून फेकणारे. त्यामुळे रॉडही ते खांद्यावरूनच फेकायला गेले आणि प्लास्टिकचा खोटा मासा मागच्या झुडपात जाऊन अडकला. दुसऱ्यांदा तो ट्रिशच्या टोपीत अडकला. ट्रिश शांत बाई. तिने टोपी काढली, गळ सोडवला आणि मागे उभं राहून त्यांचा हात धरून शिकवलं. परक्या बाईने हात धरल्यावर सासरे असे काही ताठ झाले की मला तोंड फिरवून हसावं लागलं.

मला मात्र मासे लागत होते. मी काही तरबेज वगैरे नाही, पण ओहोळाच्या तोंडाशी गळ टाकला की कोणीतरी ओढतच होतं. पहिला मासा चटईवरच्या खुणेपेक्षा लांब भरला. चांगला चंदेरी, डोळे लालसर. मी विजयी मुद्रेने तो सासऱ्यांसमोर धरला. "कसा आहे?"

ते माशाकडे पाहून म्हणाले, "चांगला हाय." मग पाण्याकडे पाहून, "सोरला तं बरा व्हईल."

"सोडू? का?"

"सोरला तं बरा," त्यांनी पुन्हा पाण्याला सांगितलं.

मी सोडला. दुसरा त्याहून मोठा होता. "सोरला तं बरा." तिसराही सोडायला लावला. ट्रिश मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यांना नेमका केवढा हवाय? हा उत्तम मासा होता."

"मासा उत्तम आहे," मी म्हटलं, "धरणारा पसंत नाही."

मला राग येत होता आणि तो ऊन चढावं तसा चढत होता. म्हणजे माझ्याबरोबर जेवायचं तर नाहीच, आता मी धरलेला मासासुद्धा घरात नको! इतका विटाळ? ते बिचारे तिकडे एकामागून एक गळ टाकत होते आणि रिकामा ओढत होते. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. पाणी प्यायला बोलावलं तर मानेनेच नको म्हणाले.

ओहोटी लागली. ट्रिशने घड्याळ पाहिलं. "पाणी अजून थोडं उतरलं की मासे खाली जातील. मग निघू."

आणि तेव्हा माझा गळ ओढला गेला. तो आधीच्या तिघांसारखा नव्हता. रॉड वाकून टोक पाण्याकडे गेलं आणि रीळ किंचाळायला लागलं. मग तो मासा पाण्याबाहेर आला. अख्खा. चांगला मीटरभर. हवेत त्याने डोकं झाडलं आणि असा धप्पकन पडला की खाडी हलली.

"धरून ठेव!" ट्रिश ओरडली. "ढिला सोडू नको!"

"सोरा!" दुसरीकडून आवाज आला.

मला वाटलं, मासा सोडा म्हणताहेत. ह्यालाही! मी दात आवळून ओढत राहिलो. तेवढ्यात सासरे चिखलातून धावत आले. स्वतःचा रॉड त्यांनी टाकून दिला होता. "सोरा, तुमी सोरा! माना द्या! तुमी नाय ओढाचा!" आणि दोन्ही हातांनी माझा रॉड धरला.

"मी आणतो ना वर!"

"तुमी नाय! माना द्या!"

मी सोडेना, ते सोडेनात. सत्तरीचा म्हातारा आणि चाळिशीचा जावई एका काठीसाठी भांडत होते, आणि ट्रिश आमच्याभोवती नाचत कोणालाच न कळणाऱ्या वेगाने काहीतरी ओरडत होती. दोरी ढिली पडली. मासा पुन्हा एकदा वर उडाला, तोंड उघडं, आणि त्याने गळ असा भिरकावला की तो आमच्या पायाशी येऊन पडला.

आम्ही दोघांनी एकदमच रॉड खाली केला. ओहोळाचं पाणी तेवढं वाहत होतं.

"इतकी वर्षं मी माणसं आणते," ट्रिश म्हणाली, "पण दुसऱ्याच्या हातातला रॉड ओढणारा पहिल्यांदाच पाहिला." ती जाऊन हेलिकॉप्टरच्या सावलीत बसली. समजूतदार बाई.

मी मात्र समजूतदार राहिलो नाही. "आठ वर्षं!" मी म्हटलं. "आठ वर्षं तुम्ही माझ्यापुढे दारात उभे राहता. माझ्याशी बोलत नाही, माझ्यासोबत जेवत नाही. मी कोंबडी खाऊन गप्प बसलो. आज मासाही माझ्या हातचा चालत नाही तुम्हाला? मी घाटी आहे, आहेच! पण तुमच्या नातवाचा बाप होणार आहे. त्या पोराने काय समजायचं? आजोबा बापाला बाटगा समजतात?"

सासरे माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे, पाण्याकडे नव्हे. मग ते बर्फाच्या पेटीवर बसले आणि खिशातली टोपी काढून हातात धरली.

"घाटी?" ते म्हणाले. "तुमाना असा वाटला?"

"मग कसं वाटणार?"

"माना वाटला, तुमाना म्हाईत हाय." त्यांनी टोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली. "जितारा दिला नाय तंवर सासरा जावयापुढं जेवाला बसत नाय. उभा रेतो. तुमी पोचला बोल्लाव का मंग बसाचा. न देता बसाचा तं कंच्या तोंडान बसाचा?"

मी म्हटलं, "दर्शनाने हे कधी सांगितलं नाही."

"तिला कसा म्हाईत असंल? गावान परत्येक जावयाला पयल्या दिशीच देतान. कोनाचा राहिला असंल तं कलंल ना. आमच्या घरान माझाच राहिला."

"पण तलावात मासा होता. मी पाहिला होता तलाव."

"पानी पायलाव तुमी," ते म्हणाले. "मासा नव्हता."

मग त्यांनी सांगितलं. आमचं लग्न झालं त्या वर्षी श्रावणातल्या उधाणाला रात्रीतून बांध फुटला आणि खाडी तलावात शिरली. सकाळी पाहतात तर तलाव भरलेला, पण मासा बाहेर पडलेला. गावाने विचारलं तर ते म्हणाले, माझा वाचला. थोरल्या लेकीलाही तेच सांगितलं. मुलीच्या नावाचा मासा राखता आला नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा ते आदल्या दिवशी दिवसभर त्या रिकाम्या तलावात पाग टाकत होते, एखादा तरी मागे राहिला असेल म्हणून. पुढे तलावाची जागा रस्त्यात गेली. मग दोन पावसाळे त्यांनी खाडीत पाग टाकला, पण जिताडा काही हाती लागला नाही.

"विकत मिळतो की जिताडा," मी म्हटलं. "मला काय कळणार होतं?"

"माना कलला असता ना," ते म्हणाले. "सासऱ्याच्या हातानंच पान्याभायेर निंगाला पायजे. आन् जावयान तं आपला मासा आपुन धराचाच नसतो. म्हनून तुमचं सोराला लावलं. एकच नेवाचा बोल्ली ना ती बाई? तुमचा नेला असता तं माझा राहिला असता परत." त्यांनी चिखलात पडलेल्या गळाकडे पाहिलं. "तो मोठा बगला न माझा डोका फिरला. चुकलाच माझा. ओढाला नको व्हता."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं ते मला आजही सांगता येत नाही. आठ वर्षं हा माणूस माझ्यापुढे अपमान करायला उभा नव्हता. तो माझ्यापुढे शिक्षेला उभा होता, आणि शिक्षा त्याची त्यानेच दिलेली.

मी त्यांचा रॉड चिखलातून उचलला, पाण्याने धुतला आणि त्यांच्या हातात दिला. माझा गुंडाळून हेलिकॉप्टरमध्ये ठेवला. ट्रिशला म्हटलं, "अजून थोडा वेळ दे. आता फक्त तेच धरणार."

"आणि तू?"

"मला परवानगी नाही."

तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि त्यांच्या गळाला नवा, लहान खोटा मासा बांधून दिला.

त्यांनी गळ टाकला. रिकामा आला. पुन्हा टाकला. मी त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभा होतो. मध्येच माझ्या लक्षात आलं की माझ्या दारात ते असेच उभे राहतात. मी घडी सोडली.

पाणी चांगलंच उतरलं तेव्हा त्यांच्या रॉडचं टोक थरथरलं. त्यात फार जोर नव्हता. तरी सासऱ्यांनी दोन्ही पाय रोवले, ओठ चावला आणि रीळ असं फिरवायला लागले की जणू दुसऱ्या टोकाला हत्ती आहे. मासा आला. ट्रिशने तो चटईवर ठेवला. खुणेच्या पुढे अंगठ्याच्या नखाएवढाच होता.

"चालेल," ट्रिश म्हणाली. "न्यायचा, की सोडायचा?"

मी भाषांतर केलं नाही. सासरे माशाकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. "यवरासाच हाय," ते म्हणाले. "दर्शनाचा मासा यवरा झालेला." त्यांनी दोन हात पसरून दाखवले. "यवरासा जावयाला देवाचा?"

"मी एकटाच तर आहे," मी म्हटलं. "केवढा लागणार मला?"

ते माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. पुढचे दोन दात नव्हते, हे मला आठ वर्षांत तेव्हा कळलं.

परतताना त्यांनी बर्फाची पेटी मांडीवर घेतली. ट्रिशने खुणेने सांगितलं, मागे ठेवा. त्यांनी खुणेनेच नाही म्हटलं. खाली सगळी दलदल तिरप्या उन्हात चमकत होती. हेडफोनमध्ये एकदम आवाज आला, "जावय, तो बगा, यवरा पक्षी!" मी बघेपर्यंत पक्षी मागे पडला होता. तरी मी म्हटलं, "बघितला."

घरी आल्यावर त्यांनी कोणाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. स्वतः मासा साफ केला, कापला, आलं-लसूण वाटलं. दर्शना मला पुनःपुन्हा विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि मी म्हणत होतो, थांब. संध्याकाळी मी टेबलावर बसलो. त्यांनी डोकं आणि मधली तुकडी माझ्या ताटात वाढली, कालवण वाढलं, आणि नेहमीसारखे जाऊन दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. दर्शनाचा चेहरा पडला. "बाबा, आजही?"

मी घास घेतला. मीठ जरा जास्त झालं होतं. त्यांची नजर माझ्या तोंडावर होती. ठसका लागायला नको म्हणून मी घास आधी नीट चावला. शेवटी गिळला.

"पोचला," मी म्हटलं.

दर्शनाने दचकून माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. सासऱ्यांनी घडी सोडली. खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले, मग तोंड पुसलं, जणू तोंडच पुसायचं होतं. मग ते आले, माझ्या समोरची खुर्ची मागे ओढली आणि बसले. खुर्ची त्यांना जरा उंच होत होती, पाय नीट टेकत नव्हते.

"दर्शना," ते म्हणाले, "माना भूक लागली. वाढ."